इंधन आणि दिवाबत्ती



पुण्याहून सिंहगडाच्या रस्त्याला लागलेला मनुष्य खडकवासल्याच्या धरणाशी घटकाभर थांबतो, भाजलेले कणीस खातो, पाण्याकडे पाहतो आणि पुढे जातो. ह्या धरणाच्या इतिहासातील एक गोष्ट मात्र सहसा त्याच्या कानी पडलेली नसते. मुठा नदीवरील हे दगडी धरण कॅप्टन फाइफ ह्या लष्करी इंजिनियराच्या योजनेनुसार १८६९ साली बांधावयास घेतले आणि सुमारे दहा वर्षांत ते पुरे झाले. पुढे शहराची आणि कालव्याची तहान वाढली. धरणाची भिंत वाढवावी तर खर्च मोठा, आणि जुन्या बांधकामावर नवा भार घालणे धोक्याचे. तेव्हा मुंबई इलाख्याच्या नोकरीत असलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या ह्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे आणि मिटणारे दरवाजे बसविण्याची युक्ती काढली. १९०३ साली असे दरवाजे प्रथम येथे बसले. पुराचे पाणी ठराविक खुणेवर चढले की दरवाजे उघडावे, पाणी उतरले की मिटावे, अशी ती रचना होती. तलावाची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. भिंत होती तेवढीच राहिली.

आहे त्याच साधनातून अधिक काम काढणे ह्यालाच कार्यक्षमता म्हणतात. आजचा आमचा विषय हीच कार्यक्षमता, पण धरणावरची नव्हे, घरातली. चुलीत जळणारे लाकूड, स्टोव्हमधले रॉकेल, टाकीतला गॅस आणि मीटरवर फिरणारी वीज ह्यांतून आपण किती काम काढतो, किती वाया घालवितो, आणि हा अपव्यय थांबविण्याचे प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात कसकसे झाले, ह्याचा थोडा इतिहास आम्ही आपणापुढे मांडणार आहोत. आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा शास्त्र येईल तेथे ते बेताने येईल, आणि हिशेब मात्र पै पैचा येईल.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की ‘कार्यक्षमता’ हा शब्द कामगाराच्या कानाला गोड लागत नाही. १९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांत हाच शब्द घेऊन मालकवर्ग पुढे आला. दोन मागांवर काम करणाऱ्या विणकराने तीन माग चालवावे, कमी माणसांत तेच काम उरकावे, अशी ती योजना होती. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्या कामगारांना यंत्राचे वैर नव्हते. त्यांचा प्रश्न साधा होता: श्रम वाढणार आमचे, मग वाचलेला पैसा कोणाच्या खिशात जाणार?

घराला हा प्रश्न लागू पडत नाही असे वरवर वाटते. घरात वाचलेले लाकूड घरातच राहते. तेथे मालक आणि मजूर असा भेद कोठला? परंतु मग गेल्या शंभर वर्षांत इंधन वाचविण्याच्या एकाहून एक चांगल्या युक्त्या निघाल्या असूनही त्यांतल्या पुष्कळ उंबऱ्याबाहेरच का राहिल्या, ह्याचा उलगडा होत नाही. आमचे म्हणणे असे की १९२८ चा प्रश्न घरालाही तंतोतंत लागू पडतो. जी युक्ती चालविणाऱ्या हाताला रोजच्या रोज काही परत देते आणि जिची पहिली किंमत त्या घराला पेलते, ती टिकते. बाकीच्या युक्त्या प्रदर्शनात शोभतात.

महागाई भत्त्याच्या वाटाघाटींना बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला राहणीखर्चाच्या निर्देशांकाचे गट पाठ असतात. अन्न, कपडा, घरभाडे, आणि त्यांच्या रांगेत गुपचूप उभा असलेला एक गट: इंधन आणि दिवाबत्ती. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली फिंडले शिरास ह्यांच्या देखरेखीखाली मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. शंभर रुपये खर्चातले सुमारे ५७ रुपये अन्नावर जात. घरभाड्यावर ७.७ जात, आणि इंधन व दिवाबत्तीवर ७.४. ह्या दोन आकड्यांकडे नीट पाहावे. राहत्या खोलीला जेवढे द्यावे लागे, जवळजवळ तेवढेच अन्न शिजविण्याला आणि खोलीत उजेड करण्याला द्यावे लागे. भाड्यासाठी चळवळी झाल्या, कायदे झाले. धुराबरोबर उडून जाणाऱ्या पैशासाठी कोणी सभा घेतल्याचे ऐकिवात नाही.

हे इंधन येई कोठून? पुण्यापुरते बोलावयाचे तर मावळ आणि मुळशीच्या डोंगरांतून, सिंहगडाच्या पायथ्याच्या रानांतून. डोक्यावर मोळी घेऊन पहाटे निघालेल्या बाया शहराच्या वेशीशी उन्हे चढण्याच्या आत पोहोचत. कोळसा कातकऱ्यांच्या भट्ट्यांतला. लाकडाचा कोळसा करताना त्यातली निम्म्याहून अधिक उष्णता भट्टीतच निघून जाते, पण कोळसा हलका, धूर न करणारा, आणि शहरातल्या खोलीत वापरता येणारा. म्हणून शहर तो मागे आणि रान तो पुरवी.

साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी शेकडा दहाच्या आसपासच भांड्यापर्यंत पोहोचते, असे मोजणारे सांगतात. उरलेली चुलीच्या बाजूंनी, दारातून, जमिनीत आणि धुरात जाते. धूर म्हणजे दुसरेतिसरे काही नसून न जळलेले इंधन होय. लाकूड ओले असेल तर आधी त्यातल्या पाण्याची वाफ करण्यातच जाळ खर्ची पडतो. हवा कमी पडली तर लाकडातला वायू पेट न घेता तसाच बाहेर पडतो आणि डोळ्यांत व छातीत जातो.

म्हणून जुन्या बायांना काटकसर ठाऊक नव्हती असे मात्र कोणी समजू नये. आपल्या चुलीला शेजारी वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी चालली असता तिकडून वळलेल्या जाळावर आमटी उकळत राही. एका लाकडात दोन भांडी. भाजीच्या पातेल्यावर ताटली ठेवून तीत पाणी घालीत. वाफ कोंडली जाई, आणि भाजीत घालावयाचे पाणी फुकटात तापे. डाळ, कडधान्य रात्री भिजत पडे. शेवटचा निखारा राखेत पुरून ठेवला जाई, म्हणजे उद्याची काडी वाचे. आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब तर पाहण्यासारखा. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी. विस्तवाला पाण्याखेरीज तापविण्यासारखे दुसरे काही उरतच नाही. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांनी हे बंब ठोकले. बंद पात्रात विस्तव ठेवून त्याच्या भोवती पाणी खेळविण्याचे हे तत्त्व बाष्पयंत्राच्या बॉयलरमध्येही आहे.

ह्या घरगुती शहाणपणाला संशोधनाची जोड देण्याचा पहिला संघटित प्रयत्न वर्ध्यास झाला. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा ह्यांच्या देखरेखीखाली घाणी, कागद, मधमाशा ह्यांच्याबरोबर चूल आणि दिवा ह्यांवरही प्रयोग झाले. धुराडे लावलेली मगन चूल आणि रॉकेलऐवजी देशी तेलावर जळणारा मगन दीप ही त्या प्रयोगांची फळे. १९५३ साली हैदराबादच्या इंजिनियरिंग संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू ह्यांनी धूरविरहित चुलीचा आपला नमुना पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. आपला मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यातच होता. ह्या चुलींत जाळ एका बोगद्यातून खेळवून दोन-तीन भांड्यांखालून नेलेला असे व धूर नळीवाटे घराबाहेर जाई.

कल्पना उत्तम होती. पण धुराडे काजळीने भरले की ते काढून साफ करावयाचे कोणी? घरातल्या बाईनेच. नळी फुटली तर नवी आणावयाची कोठून? तालुक्याहून. आणि वाचले काय? लाकूड, जे विकत न घेता रानातून गोळा करून आणलेले होते, आणि तेही तिनेच आणलेले होते. ज्या श्रमाला घरात किंमत नाही तो वाचला काय, न वाचला काय, पैसे सोडणाऱ्या पुरुषाच्या हिशेबात तो येतच नव्हता.

शहरातला क्रम निराळा झाला. मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत चूल घालणार कोठे? शेगडी गॅलरीत नेऊन पेटवावयाची, धूर संपला की आत आणावयाची. लाकडाच्या वखारीतला भुसा जवळजवळ फुकट मिळे. पत्र्याच्या डब्यात मधे बाटली उभी करून भोवती भुसा ठासावा, बाटली अलगद काढून घ्यावी आणि मोकळ्या झालेल्या नळीत जाळ करावा, की एक स्वयंपाक त्यावर निघे. ही भुशाची शेगडी कोणा प्रयोगशाळेने दिलेली नाही. तिकडे कलकत्त्यास १९१० साली डॉ. इंदुमाधव मल्लिक ह्यांनी इकमिक कुकर काढला. खाली थोडे निखारे, वर एकावर एक डबे, आणि सगळ्यांभोवती बंद नळकांडे. आपल्याकडेही ह्या जातीचे पितळी कुकर घरोघर आले. भात, वरण, भाजी एकदम लावून बाईने दुसऱ्या कामाला लागावे. ढवळावयास नको, फुंकावयास नको.

ह्याच मार्गाचा पुढचा टप्पा म्हणजे प्रेशर कुकर. आपल्या देशात त्याचे कारखाने १९५९ च्या सुमारास सुरू झाले. पाणी उकळू लागले की ते आणखी तापत नाही. खाली कितीही जाळ घातला तरी वाफच अधिक होते. पुण्याच्या उंचीवर तर ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. पण झाकण घट्ट बसवून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत तापते. तासभर लागणारी तूरडाळ मग काही शिट्यांत शिजते. इंधन वाचते हे खरे, परंतु बाईने कुकर इंधनासाठी घेतला नाही. पहाटेच्या पाळीचा डबा वेळेवर होतो, म्हणून घेतला. आणि त्याची पहिली किंमत आली कोठून? पुष्कळ कामगार घरांत ती दिवाळीच्या बोनसातून आली. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. मालक वर्षातून एकदा एकरकमी पैसे देई आणि त्या रकमेतून घरात भांडे येई. रोजच्या मजुरीतून शंभर रुपये कधीच बाजूला पडले नसते. धूरविरहित चूल आणि प्रेशर कुकर ह्यांच्या नशिबात जो फरक पडला, त्याचे कारण आम्हास येथे दिसते.

मध्यंतरी दोन प्रसंगांनी घरच्या इंधनाचा प्रश्न एकदम चव्हाट्यावर आणला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही खचले, आणि पुण्याची नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली. नळ बंद, दिवे बंद. विजेच्या दिव्याखाली वाढलेल्या शहराने कंदील पुसून काढले. आपले घर किती दूरच्या भिंतीवर आणि तारेवर टेकलेले आहे, हे त्या दिवशी कळले. दुसरा प्रसंग १९७२-७३ चा. दुष्काळ, टंचाई, आणि १९७३ च्या अखेरीस तेलाच्या जागतिक किमतींचा भडका. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या. हाती लाटणे आणि थाळी. धान्य, तेल, साखर ह्यांच्याबरोबर रॉकेलही त्यांच्या मागण्यांत होते. इंधन आणि दिवाबत्ती हा गट निर्देशांकाच्या कोष्टकातून उठून प्रथमच मोर्चात चालू लागला.

सरकारलाही त्यानंतर जाग आली. इंडियन ऑइलच्या संशोधकांनी वातींचा ‘नूतन’ स्टोव्ह काढला; जुन्या स्टोव्हपेक्षा तो तेल पुष्कळ कमी खाई. १९७८ साली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली आणि उकळी आल्यावर आच कमी करा, भांडे झाका, रुंद बुडाचे भांडे वापरा, असे ती सांगू लागली. हे आपल्या आज्ज्यांनाही ठाऊक होते. फरक एवढाच की आता ते छापून आले.

१९८३ च्या अखेरीस केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो बंद होईपर्यंत देशात ३ कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. त्यांतल्या कित्येक थोड्याच दिवसांत मोडल्या, आणि कित्येक बायांनी स्वतःच फोडून जुन्या वळणाची चूल पुन्हा घातली. कारण चूल बसविण्याचे उद्दिष्ट कचेरीचे होते. भाकरीचा तवा तिच्यावर नीट बसतो की नाही, हे विचारावयास कोणी गेले नव्हते.

महाराष्ट्रात मात्र ह्या कार्यक्रमातून काही चांगलेही निघाले. पुण्यात डॉ. आनंद कर्वे ह्यांनी १९९६ साली आरती ह्या नावाने ओळखली जाणारी समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था स्थापन केली. हे महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव; व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ. ह्या संस्थेने लक्ष्मी, पार्वती, भाग्यलक्ष्मी अशा चुलींचे नमुने तयार केले. साच्यात घालून चूल पाडावयाची म्हणजे मापे चुकत नाहीत, आणि गावातला कारागीर ती करून विकू शकतो. उसाचे पाचट शेतातच जाळून टाकतात, त्याचा कोळसा करून कांड्या पाडण्याची त्यांची रीत नावाजली गेली आणि २००२ साली तिला इंग्लंडचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. ह्या कांड्यांसाठी त्यांनी सराई कुकर केला. सुमारे १०० ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचा भात, वरण, भाजी त्यात शिजते. जुना पितळी कुकरच नव्या जन्माने आला असे म्हणावयास हरकत नाही. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणाऱ्या लहान गॅस संयंत्राबद्दल ह्याच संस्थेस २००६ साली पुन्हा तेच पारितोषिक मिळाले.

देहूचे डॉ. सुहास मापुसकर ह्यांचे नावही येथे घेतलेच पाहिजे. १९५९ साली ते देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. पोटाच्या विकारांवर औषधे देता देता त्यांच्या लक्षात आले की औषधापेक्षा संडास महत्त्वाचा. पुढे त्यांनी संडासाला जोडलेले ‘मलप्रभा’ हे गॅस संयंत्र सिद्ध केले. तुकोबांच्या गावातल्या घरांत ज्या वस्तूचे नाव घ्यावयास लोक लाजत, तिच्यावर चहाचे आधण चढले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आता विजेकडे वळू. खडकवासल्याच्या डोंगरापलीकडे मुळशी आहे. १९२१ ते १९२४ ह्या काळात सेनापती बापटांनी तेथे धरणाविरुद्ध सत्याग्रह चालविला. ते धरण मुंबईला वीज पुरविण्यासाठी होते. मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली आणि वीज त्यांच्या डोक्यावरून मुंबईला गेली. हे आम्ही जुनी जखम उकरून काढण्यासाठी सांगत नाही. शहरातल्या घरात जळणारे प्रत्येक युनिट कोठेतरी कोणाची तरी जमीन, कोणाचे तरी पाणी किंवा कोणाची तरी खाणीतली मजुरी घेऊन आलेले असते. ते वाया घालविण्याचा आपणास अधिकार नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

विजेचा जुना तारेचा दिवा म्हणजे खरे पाहता उजेड देणारी शेगडीच. त्यात गेलेल्या शंभर भागांपैकी पाचांच्या आसपास उजेडाचे होत, बाकीची नुसती उष्णता. साठ वॅटच्या त्या दिव्याचे काम आज नऊ वॅटचा एलईडी दिवा करतो. रोज पाच तास लावला तर एका दिव्यामागे महिन्याला साडेसात युनिटे वाचतात. हा दिवा आला तेव्हा महाग होता. २०१४ साली सरकारी खरेदीतही तो एकेक ३१० रुपयांना पडे. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सगळ्या देशाची मागणी एकत्र करून खरेदी केल्यामुळे दोन-तीन वर्षांत हीच किंमत ३८ रुपयांपर्यंत उतरली. योजनेच्या आरंभी काही ठिकाणी दहा रुपये भरून दिवा घरी न्यावा आणि बाकीचे हप्त्याने वीजबिलातून फेडावे, अशीही सोय होती. ३६ कोटींहून अधिक दिवे ह्या योजनेत वाटले गेले. संघटना करून भाव पाडून घेणे आणि पहिली किंमत हप्त्यांत मोडणे, ह्या दोन्ही गोष्टी आम्हा कामगार कार्यकर्त्यांना नव्या नाहीत. येथे त्या सरकारने केल्या, आणि युक्ती उंबऱ्याच्या आत गेली.

ह्याच्या उलट उदाहरण गॅसचे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. गरीब घरांत शेगडी आणि पहिली टाकी पोहोचली, हे मोठे काम झाले. पण १४.२ किलोची पुढची टाकी घ्यावयाची तर एकरकमी पैसे लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईच्या हाती ते एकदम नसतात, म्हणून टाकी कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, असे दृश्य खेडोपाडी दिसते. पहिल्या किमतीचा अडसर दूर केला, तर तो प्रत्येक टाकीच्या दारात पुन्हा उभा राहिला.

एक शेवटचा भाग उरला, तो म्हणजे घर स्वतः. जुन्या वाड्याच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या. दुपारचे ऊन त्या पोटात घेत आणि आत पोहोचेपर्यंत रात्र पडे. मधल्या चौकातून हवा खेळे. आज खडकवासल्याकडे येताना रस्त्याच्या दोहो बाजूंनी ज्या इमारती उठल्या आहेत त्यांच्या भिंती वीतभरही जाड नसतात. सपाट काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खालच्या खोलीत ती उष्णता सोडतो. मग पंखा, मग कूलर, आणि ऐपत असेल तर एसी. २०२१ साली खडकवासला पुणे महानगरपालिकेत आला; बांधकाम अजून वाढणार. निवासी इमारतींच्या भिंती, छपरे व खिडक्या उष्णता किती आत घेतात ह्यासाठी केंद्राने २०१८ साली ‘इको निवास संहिता’ काढली आहे. ती नकाशा मंजूर करणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचली पाहिजे.

येथेही १९२८ चाच प्रश्न आहे. भिंत आणि छप्पर घरमालकाचे, विजेचे बिल भाडेकरूचे. मालकाने छपरावर खर्च करावा तर वाचणार भाडेकरूचे; भाडेकरूने करावा तर अकरा महिन्यांनी करार संपून खोली दुसऱ्याची. दोघेही हात बांधून बसतात आणि पत्रा तापत राहतो.

तर मग करावयाचे काय? पैसे न लागणाऱ्या गोष्टी प्रथम. झाकण, भिजवण, उकळीनंतर मंद आच. फ्रिजच्या मागे हवेला जागा. एसी असलाच तर २४ अंशांच्या खाली नको. मग थोड्या पैशाच्या गोष्टी. गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून चटई किंवा तट्ट्या. ऊन काचेच्या आत येण्याआधी अडवावे. आत आल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नाही. त्यानंतर मोठ्या रकमेच्या. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी जातीचा ३० च्या आसपास. रोज बारा तास फिरला तर महिन्याला सोळा युनिटे वाचतात. वस्तू घेताना तिच्यावरचे तारे पाहावेत. ही तारांकित पट्टी २००६ पासून आहे आणि छताच्या पंख्यांनाही २०२३ पासून सक्तीची झाली आहे.

आणि ज्याकडे कोणी पाहत नाही ते आंघोळीचे पाणी. पंधरा लिटरची एक बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयाला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. चार माणसांच्या घरात महिन्याला ती पन्नास युनिटांच्या वर जाते. घरातले सगळे नवे दिवे मिळून एवढे खात नाहीत. गच्चीवर सौर बंब बसला तर वर्षातले बहुतेक महिने हा खर्च जवळजवळ नाहीसा होतो, आणि पुणे महानगरपालिका अशा सोयीबद्दल मिळकतकरात सवलतही देते. तांबट आळीने जे लाकडावर साधले, ते आज उन्हावर साधता येते.

मात्र पंखा आणि सौर बंब ह्यांची पहिली किंमत पगारातून एकदम निघत नाही. आमची सूचना अशी आहे की कामगारांच्या पतपेढ्यांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी ह्या वस्तूंसाठी वेगळे कर्ज द्यावे आणि हप्ता वाचणाऱ्या बिलाएवढाच ठेवावा. शंभर घरांनी एकत्र खरेदी करावी, म्हणजे भाव उतरतो. उजाला योजनेने ते दाखवून दिले आहे. भाड्याच्या घरांसाठी छपराचा खर्च मालक व भाडेकरू ह्यांच्यात वाटून घेण्याची तरतूद करारातच असावी. आणि कोणतीही नवी चूल, शेगडी, यंत्र आणण्यापूर्वी ते जी रोज वापरणार तिला विचारावे. ती चालवून पाहील, दोष सांगेल, आणि तिने पसंत केलेली वस्तू मोडली तर ती स्वतःच दुरुस्त करून घेईल.

१९२१ च्या पाहणीत इंधन आणि दिवाबत्तीला जे ७.४ रुपये जात होते, त्यातून किती अन्न शिजले आणि किती धूर झाला, हे त्या कोष्टकात नोंदलेले नाही. आपल्या घरी वीजबिल आणि गॅसची पावती दरमहा येते. ह्या महिन्याची बाजूला ठेवावी, वर सांगितलेल्यांपैकी दोन गोष्टी कराव्या आणि पुढच्या वर्षी ह्याच महिन्याच्या पावतीशेजारी ती मांडावी. ह्या कामात जो फरक निघेल तो सर्वस्वी आपला असेल. त्यावर कोणी मालक हक्क सांगावयास येणार नाही.